कोकणातल्या ट्रंकांमधली जुनी पाकिटं: तिकीट सोडवू नका, पाठ वाचा

जयगड_बंदर (धागाकर्ता)

मंडळी,

मे महिन्यात गावची घरं उघडतात, माळे झाडले जातात आणि आजोबा-पणजोबांच्या ट्रंका खाली येतात. त्यात जुन्या पत्रांचा गठ्ठा हमखास असतो. पुढे काय होतं तेही ठरलेलं. कुणीतरी हौसेने तिकिटं कात्रीने कापून घेतं, नाहीतर पाकिटं पाण्यात भिजत घालून तिकिटं सोडवतं. उरलेला कागद परसात पातेऱ्याबरोबर जळतो. हे थांबावं असं फार मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

शाळेत आपण सगळ्यांनी तिकिटं अशीच जमवली, त्यामुळे तिकीट म्हणजे मोलाचं आणि पाकीट म्हणजे साल, असं डोक्यात बसलेलं असतं. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या पत्राबाबत ते बरोबर उलटं आहे. व्हिक्टोरिया राणीचं अर्ध्या आण्याचं सुटं तिकीट आजही किरकोळ पैशात मिळतं, कारण ती लाखोंनी छापली गेली. तेच तिकीट अख्ख्या पाकिटावर, पुढच्या-मागच्या शिक्क्यांसकट असेल, तर पत्र कुठून निघालं, कुठल्या वाटेने आलं, कुठे थांबलं, किती दिवसांनी पोचलं, पैसे कुणी भरले, हे सगळं त्या एका कागदावर असतं. कव्हर, म्हणजे टपालातून गेलेली अख्खी पाकिटं, जमवणारे याच गोष्टीला जपतात.

मुळात तिकीट ही उशिरा आलेली गोष्ट. हिंदुस्थानभर चालणारी तिकिटं १ ऑक्टोबर १८५४ला विक्रीला आली. त्याआधी टपालखर्च अंतरावर आणि वजनावर ठरायचा. १८३७च्या कायद्यानंतर कलकत्त्याहून मुंबईला तोळाभर पत्राला एक रुपया पडत असे. १८५४पासून मात्र पाव तोळ्याचं पत्र देशात कुठेही अर्ध्या आण्यात जाऊ लागलं. म्हणजे त्याआधीच्या इथल्या पत्रावर सहसा तिकीट नसणारच. आमच्या भागात दोन-तीन घरांत असली पत्रं ‘तिकीट पडलंय, आता काय उपयोग’ म्हणून टाकून दिली गेली.

माझ्याकडे १८४०च्या दशकातलं एक पत्र आहे, स्कॉटलंडहून दापोली कॅम्पला आलेलं. दापोलीला तेव्हा पलटणीतल्या निवृत्त गोऱ्यांची वस्ती होती, हे बऱ्याच जणांना ठाऊक असेल. या पत्राला पाकीटच नाही. कागदाची घडी घालून लाखेने बंद केलीय आणि पत्ता त्याच कागदाच्या पाठीवर. डाव्या कोपऱ्यात शाईने लिहिलंय, ‘व्हाया मार्सेल्स’. हे दोन शब्द सगळ्यात महत्त्वाचे. तेव्हा विलायतेहून इकडे येणाऱ्या पत्राला दोन वाटा होत्या. साउथॅम्प्टनहून बोटीने जिब्राल्टर, माल्टा करत अलेक्झांड्रिया, ही स्वस्त पण संथ वाट. फ्रान्स जमिनीने ओलांडून मार्सेल्सहून बोट धरायची, ही महाग पण काही दिवस वाचवणारी. हे लिहिणाऱ्याला घाई होती आणि त्याने त्यासाठी जादा पैसे मोजले.

अलेक्झांड्रियाच्या पुढची वाट तर चकित करणारी आहे. सुएझचा कालवा १७ नोव्हेंबर १८६९ला उघडला, म्हणजे तेव्हा तो नव्हताच. पोती आधी महमूदिया कालव्याने नाईलपर्यंत, मग नदीतून कैरोला, आणि तिथून सुमारे ८४ मैलांचं वाळवंट उंटांच्या पाठीवरून तुडवत सुएझला. सुएझला कंपनी सरकारची आगबोट, तीत कोळसा भरायला एडन, आणि मग मुंबई. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, म्हणजे केपला, वळसा घालून येणाऱ्या पत्राला चार-सहा महिने लागत, ते या वाटेने सव्वा महिन्याच्या आसपास आलं.

ही वाट घडवण्यात मुंबईचा मोठा हात होता, आणि ते आपल्याकडे फार सांगितलं जात नाही. ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनांची आगबोट मुंबईतच बांधलेली. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून सुटली आणि २२ एप्रिलला सुएझला लागली. त्याच दिवसांत थॉमस वॅगहॉर्न हा माणूस उलट्या बाजूने, तांबड्या समुद्रात उघड्या होडीतून प्रवास करून मुंबईत येऊन दाखल झाला होता. पुढे त्याने इजिप्तमध्ये खासगी टपालसेवाच उभारली. ‘केअर ऑफ मिस्टर वॅगहॉर्न’ असा त्याचा शिक्का असलेली पत्रं आज जगभर शोधली जातात. तो १८५०मध्ये कर्जबाजारी होऊन वारला, याचं मला अजून वाईट वाटतं. पुढे कित्येक वर्षं टपाल त्याच्याच वाटेने चाललं.

तर विनंती अशी की पत्रं सापडली तर काहीही कापू नका, भिजवू नका, पिना ओढून काढू नका. आधी पाकीट उलटं करून पाठीवरचे शिक्के बघा. आणि इथे वर्णन टाका, सगळे मिळून वाचू.

आंजर्लेकरीण

फार गरजेचा धागा. आमच्याकडे शिक्षण खात्यातल्या पणजोबांची पत्रं आहेत, सगळी देशातल्या देशातली. बहुतेक पाव आण्याची कार्डं. याला काही किंमत असते का?

जयगड_बंदर

पैशात विचाराल तर थोडी. पण पाव आण्याचं पोस्टकार्ड १ जुलै १८७९ला निघालं आणि त्याने कोकणाचं जगणं बदललं. त्यापाठोपाठ १ जानेवारी १८८०पासून टपाल खात्याने मनिऑर्डर सुरू केली. मुंबईत गिरणीत, गोदीत असलेला माणूस आणि गावी शेत सांभाळणारी बाई यांचा संसार या दोन कागदांवर चालला. मनिऑर्डरीच्या पावत्या असतील तर त्याही जपा. त्यांच्याकडे कुणी बघत नाही, म्हणून त्या पत्रांपेक्षाही कमी उरल्यात.

आणि तुमच्या बाजूची एक गोष्ट सांगतो. २५ डिसेंबर १८९८ला ब्रिटिश साम्राज्यात पेनी टपाल, म्हणजे एका पेनीत पत्र, सुरू झालं. त्यात हिंदुस्थान होता, इथून विलायतेला एक आणा. त्याआधी १८९१पासून अडीच आणे पडायचे. पुढच्याच वर्षी तुमच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणितात पहिले, झाले. म्हणजे त्या साली केंब्रिजहून मुर्डीला लिहिलेलं साधं पत्र एका पेनीत येत होतं! परदेशी शिकणाऱ्या मुलाचं पत्र किती वेळा येणार, हे त्या दरावर ठरायचं. त्या परिसरात १८९९च्या सुमाराचं विलायती पाकीट कुणाकडे असेल तर माझी हात जोडून विनंती आहे, आधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा.

वेंगुर्ल्याचो_झील

आमच्या आज्यान पेटयेभर पत्रां ठेवलेली. पावसात वाळवी लागली आणि बापाशीन सगळी न्हाणयेच्या चुलीत घातल्यान. आता ह्या वाचून जीव कळवळता. तरी एक इचारतंय, वेंगुर्ल्याचो शिक्को लय पाकिटांर दिसता म्हणतत, ता कित्याक?

जयगड_बंदर

झालं त्याला इलाज नाही, पण आणखी काही उरलंय का ते नक्की बघा. देवघराच्या फळीवर, जमाखर्चाच्या चोपड्यांत पत्रं दडलेली असतात.

वेंगुर्ल्याचं म्हणाल तर ते जुनं बंदर. डचांनी तिथे १६३७मध्ये वखार घातली, आणि सावंतवाडीकरांकडून १८१२मध्ये ते इंग्रजांकडे गेलं. रेल्वे येण्याआधी बेळगावच्या छावणीचा माल, माणसं आणि डाक मुंबईहून वेंगुर्ल्याला उतरायची आणि घाट चढून वर जायची. १८८०च्या दशकात बेळगावला रेल्वे आली आणि ती वाट ओस पडली. त्यामुळे बेळगावच्या पत्त्याच्या पाकिटावर पाठीला वेंगुर्ल्याचा शिक्का दिसला तर ते रेल्वेआधीचं असण्याचा संभव मोठा.

घाटमाथा

धागाकर्त्याच्या बोलण्यात एक भर घालतो. कोकणातलं पाकीट वाचताना महिना बघायलाच हवा. पावसाळ्यात बंदरं बंद. शेफर्ड कंपनीच्या बोटी जूनच्या तोंडाला बंद व्हायच्या आणि नारळी पौर्णिमा उलटून दर्या निवळल्यावर सुरू व्हायच्या. मग मधल्या काळात रत्नागिरी, मालवणची डाक कशी जायची? घाटावरून, हलकाऱ्यांच्या पायांनी. हातात घुंगरं लावलेला भाला, खांद्यावर थैली आणि समोर भरलेले ओढे. माझ्याकडे देवगडची दोन पाकिटं आहेत, एक फेब्रुवारीचं आणि एक जुलैचं. दोन्ही मुंबईहून निघालेली. फेब्रुवारीचं तिसऱ्या दिवशी पोचलंय. जुलैच्याला आठवड्याहून जास्त लागलेत आणि त्याच्या पाठीवर कोल्हापूरचा शिक्का आहे. पत्ता तोच, तिकीट तेच, नुसत्या शिक्क्यांवरून पाऊस वाचता येतो.

जयगड_बंदर

घाटमाथा, ही जोडी म्हणजे खजिना आहे, कधीही सुटी करू नका! आणि हेच मोठ्या समुद्रावरही होतं. सुरुवातीच्या आगबोटींना नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या तोंडावर मुंबईहून एडन गाठणं जमत नव्हतं. १८३८च्या पावसाळ्यात ‘सेमिरामिस’ ही बोट डाक घेऊन निघाली आणि वाऱ्यापुढे हार खाऊन मुंबईला परत आली. जून ते सप्टेंबरमधलं १८३०-४०च्या काळातलं पत्र हाती आलं, तर ते कुठल्या वाटेने गेलं असेल याचा विचार दोनदा करावा.

केपवाल्यांचा_नातू

सलाम सगळ्यांना. आम्ही खेड तालुक्यातले. पणजोबांचे भाऊ केप टाउनला दुकानदारीसाठी गेले, तिकडेच स्थायिक झाले. आमच्या बाजूची बरीच मुसलमान घरं तशी गेलेली. आजीच्या पेटीत त्यांची पत्रं आहेत. एकाचं वर्णन देतो, चुकलं तर सांगा. लांबट, पिवळं पडलेलं पाकीट. उजवीकडे लाल रंगाचं एक पेनीचं तिकीट, त्यावर दाढीवाला राजा आणि वर ‘केप ऑफ गुड होप’. गोल शिक्क्यात केप टाउन, १९०३. पत्ता इंग्रजीत, आणि खाली कुणीतरी मोडीत गावाचं आणि मोहल्ल्याचं नाव लिहिलंय. मागे मुंबईचा शिक्का आणि त्याच्याशेजारी खेडचा. आत पत्र नाही.

जयगड_बंदर

दादा, फार सुंदर पाकीट आहे. तो राजा सातवा एडवर्ड. केप वसाहतही पेनी टपालात आलेली होती, म्हणून एवढ्या लांबून एका पेनीत आलं. मुंबईच्या आणि खेडच्या शिक्क्यांतल्या तारखा लिहून ठेवा, म्हणजे समुद्रावरचे दिवस वेगळे आणि मुंबई ते खेड वेगळे काढता येतील.

त्या मोडी ओळीला जपा. ती बहुधा टपाल खात्यातल्याच कुणाच्या हातची, गावच्या पोस्टमनला कळावं म्हणून. संग्रहाच्या बाजारात अशा ओळींना ‘मागून केलेलं लिखाण’ म्हणून कमी लेखतात. मला ते अजिबात पटत नाही. दूरच्या बंदरातलं इंग्रजी पत्र मोहल्ल्यातल्या दारापर्यंत कसं पोचलं, याचा तो शेवटचा टप्पा आहे.

मोडीप्रेमी

त्या ओळीचा स्पष्ट फोटो टाकलात तर वाचून देईन. टपालातली मोडी घाईची असते, शब्द तोडलेले असतात, पण गावांची नावं माहीत असली की लागते. खाली दिवा लावून फोटो काढू नका, बाजूने उजेड येऊ द्या.

सीमेवरचा

गोव्याचा विषय निघालाच नाही अजून. आम्ही बांद्याचे. पोर्तुगीज गोव्याची पहिली तिकिटं १ ऑक्टोबर १८७१ला निघाली, तिथेच छापलेली, अगदी साधी. आता गंमत बघा, त्यांचं तिकीट ब्रिटिश हद्दीत चालायचं नाही. म्हणून पणजीहून मुंबईला पत्र धाडायचं तर पोर्तुगीज तिकीटही लावायचं आणि ब्रिटिश हिंदुस्थानचंही. ब्रिटिश हिंदुस्थान १ जुलै १८७६ला जागतिक टपाल संघात आला, आणि पोर्तुगीज वसाहती बरोबर वर्षाने, १ जुलै १८७७ला. संघातल्यांना एकमेकांची तिकिटं चालायची, त्यामुळे त्यानंतर दुहेरी तिकिटांची गरज संपली. म्हणजे अशी पाकिटं फक्त पाच-सहा वर्षांतली. एका पाकिटावर दोन राज्यांची तिकिटं शेजारी शेजारी, दोघांचे वेगळे शिक्के. असलं पाकीट मी एकदाच हातात घेतलंय आणि ते सुद्धा कुणीतरी ब्रिटिश तिकीट कापून नेलेलं. तिथे चौकोनी भोक उरलं होतं.

जयगड_बंदर

त्या भोकासाठीच हा धागा काढलाय.

पलटणवाला

आमचे खापरपणजोबा मराठा पलटणीत होते, ११०व्या. मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकात, गेले. घरात दोन पत्रं आहेत. शिक्क्यात गावाचं नावच नाही, फक्त आकडा आणि ‘एफपीओ’. तिकिटावर काळ्या अक्षरांत ‘आयईएफ’ छापलंय. हे खरं असेल का?

जयगड_बंदर

खरं असण्याची शक्यता पुष्कळ. पहिल्या महायुद्धात बाहेर गेलेल्या हिंदी फौजांसाठी पंचम जॉर्जच्या तिकिटांवर ‘आयईएफ’ (इंडियन एक्स्पेडिशनरी फोर्स) ही अक्षरं छापून दिली होती. एफपीओ म्हणजे फौजेबरोबर फिरणारं टपाल ऑफिस. पलटण कुठे आहे ते शत्रूला कळू नये म्हणून शिक्क्यात नाव न घालता आकडा. तो आकडा आणि तारीख जुळवून जागा काढता येते.

११०वी, १०३वी आणि ११७वी मराठा या तिन्ही पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियातल्या कुत गावाच्या तुर्की वेढ्यात सापडल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ला कुत पडलं. तुमच्या पत्रांच्या तारखा त्याआधीच्या की नंतरच्या? नंतरच्या असतील तर तुर्की सेन्सॉरचा किंवा लाल चंद्रकोरीचा (तुर्कांकडची रेड क्रॉससारखी संस्था) शिक्का आहे का ते बघा. ते युद्धकैद्याचं पत्र असेल. रत्नागिरी जिल्ह्यातून त्या पलटणींत किती माणसं गेली आणि किती परत आली नाहीत, हे आपल्याला माहीत आहे. अशी पत्रं कुटुंबाबाहेर जाऊ देऊ नयेत, हे माझं ठाम मत.

पलटणवाला

दोन्ही १९१५ची आहेत. नोव्हेंबर आणि त्याआधीचं एक. तिसरं आलंच नाही, असं आजी सांगायची.

घाटमाथा

विषय थोडा वळवतो. एडनबद्दल लिहा ना. मला एकदा ‘१२४’ आकड्याचा शिक्का असलेलं तिकीट मिळालं होतं.

जयगड_बंदर

१२४ म्हणजेच एडन. इंग्रजांनी जानेवारी १८३९मध्ये एडन घेतलं ते कोळशाच्या आणि डाकेच्या सोयीसाठी, आणि कारभार मुंबई इलाख्याकडे दिला. टपालही मुंबईच्याच विभागात, म्हणून मुंबई विभागाच्या आकड्यांच्या मालिकेतला तो आकडा. एडनला स्वतःची तिकिटं मिळाली १ एप्रिल १९३७ला, तोवर हिंदुस्थानचीच चालायची. मस्कत, बुशायर, बसरा, बगदाद, झांझिबार, सगळीकडे हिंदी टपाल ऑफिसं होती. कोकणातले खलाशी, तांडेल, दुकानदार याच बंदरांतून फिरत होते. तेव्हा राणीचं साधं हिंदी तिकीट दिसलं म्हणून पत्र देशातलंच, असं धरू नका. शिक्का वाचा. झांझिबारहून आलेलं पाकीट असू शकतं.

याच वाटेवरची आणखी एक सुरेख गोष्ट. १८६८पासून मुंबईकडे येणाऱ्या बोटींवरच डाक लावायला टपालाची माणसं बसत. मुंबई येईपर्यंत विलायती डाकेची पोती गावांनुसार वेगळी झालेली असायची. पाठीवर ‘सी पोस्ट ऑफिस’ असा शिक्का दिसला तर ते पत्र भर समुद्रात कुणाच्यातरी हातून गेलंय. १९१४मध्ये महायुद्ध लागलं आणि हे बंद पडलं.

आंजर्लेकरीण

साठवायचं कसं ते सांगा. आमच्याकडे दमट हवा, कसर आणि वाळवी. मी सगळी कार्डं लॅमिनेट करून घेणार होते.

जयगड_बंदर

ताई, लॅमिनेशन अजिबात नको! ते परत निघत नाही, उष्णतेने शाई आणि कागद दोन्ही बिघडतात. सेलोटेपही नको, त्याचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात शिरतो. टाचण्या गंजलेल्या असतील तर हळूच बाजूने सरकवा. मऊ पारदर्शक पीव्हीसीचे खिसे टाळा. पॉलिएस्टरचे मिळतात ते घ्या, नाहीतर आम्लविरहित कागदाची घडी पुरे. वेखंड, कडुनिंबाचा पाला पेटीत ठेवायची आपली पद्धत आहे, ती चालू दे, पण पुरचुंडीत बांधून, कागदाला न चिकटवता. पेटी जमिनीवर नको, बाहेरच्या भिंतीला लागून तर नकोच. पावसाळा संपला की सावलीत वारा द्या. उन्हात घालू नका, मोडीची काळी शाई टिकते पण जांभळे शिक्के उडतात.

सीमेवरचा

विकणाऱ्यांसाठीही दोन शब्द लिहा. आमच्या शेजाऱ्यांकडे एक व्यापारी आला, पूर्ण गठ्ठा वजनावर घेऊन गेला.

जयगड_बंदर

पैशाची नड सगळ्यांना असते, विकणाऱ्याला दोष देणार नाही. फक्त वजनावर देऊ नका. आधी प्रत्येक पाकिटाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, निदान माहिती तरी घरात राहील. ‘सिंध डाक’ मिळालीय असं कुणी म्हणालं तर सावध. बार्टल फ्रिअरने १८५२मध्ये सिंधमध्ये काढलेली ती गोल तिकिटं, त्यातलं लाल तर लाखेच्या चकतीसारखं, हात लावताच तडकणारं. बाजारात फिरतात त्यांतल्या बहुतेक नकला. तज्ज्ञांच्या समितीचा दाखला नसेल तर देऊही नका आणि घेऊही नका. आणि परदेशात पाठवण्याआधी १९७२चा पुरावशेष कायदा विचारून घ्या. ऐतिहासिक मोलाच्या कागदपत्रांना त्यात ७५ वर्षांची अट आहे.

केपवाल्यांचा_नातू

तारखा बघितल्या. केप टाउनहून मुंबईला चार आठवड्यांच्या थोडं वर, मुंबईहून खेडला तीन दिवस. मोडी ओळीचा फोटो वर चढवलाय. आणि पेटीच्या तळाशी आणखी चार पाकिटं निघाली, एकावर हिंदी तिकीट आहे पण शिक्का परका वाटतो. सुरुवात ‘झेड’ने होते, पुढचं पुसट आहे.

जयगड_बंदर

दादा, त्या शिक्क्याला हात लावू नका, चोळू नका. बाजूने उजेड पाडून फोटो टाका, आणि त्यातलं साल दिसतंय का तेवढं सांगा. झांझिबारचं हिंदी टपाल ऑफिस १८९५पर्यंत होतं.

मोडीप्रेमी

ओळ लागली. ‘मौजे’ स्पष्ट आहे, पुढे गावाचं नाव, मग ‘मोहला’ आणि शेवटी ‘मारफत’ असून त्यापुढे दुकानदाराचं नाव आहे. ते खासगी म्हणून इथे लिहीत नाही, व्यक्तिगत निरोप केलाय. म्हणजे पत्र दुकानात उतरायचं आणि तिथून घरी जायचं. घरात कुणाला ते दुकान आठवतं का विचारा.